मनाच्या आजारावरील औषध आणि आपली जबाबदारी : लिथियम सुरक्षितपणे कसे घ्यावे?



मधुमेह झाला किंवा रक्तदाब वाढला, तर आपण ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना मोकळेपणाने सांगतो. साखर किती आली, कोणती गोळी सुरू आहे, कोणता डॉक्टर चांगला, याची चर्चा चारचौघांत होते. मनाचा आजार झाला म्हणजे मात्र घरात कुजबुज सुरू होते. गोळ्या कपाटात कपड्यांखाली जातात. पाहुणे आले की गोळी चुकते. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यावरही आधीच्या औषधाचा उल्लेख टाळला जातो.

असे लपविणे कोणत्याही औषधाच्या बाबतीत वाईटच. पण लिथियम या औषधाच्या बाबतीत ते जिवावर बेतू शकते. बायपोलर आजारावरील हे एक जुने आणि गुणकारी औषध आहे. मात्र त्याची उपयोगी पडणारी मात्रा आणि अपाय करणारी मात्रा यांच्यात अंतर फार थोडे असते. हे अंतर राखण्याचे निम्मे काम दवाखान्यात होते आणि निम्मे घरात, पाण्याच्या माठाजवळ आणि स्वयंपाकाच्या ओट्यापाशी होते. म्हणून ही माहिती रुग्णाबरोबर घरातील निदान एका माणसाला तरी नीट असली पाहिजे. त्याच हेतूने आम्ही हा पाठ मांडत आहोत. यातील काहीही वाचून कोणी स्वतःच्या मनाने गोळी सुरू, कमी किंवा बंद करू नये. तो निर्णय मनोविकारतज्ज्ञांचा आहे.

१. आजार कोणता?

बायपोलर या आजाराला मराठीत द्विध्रुवी मनोविकार म्हणतात. यात मनःस्थिती दोन टोकांना जाते. एक टोक उन्मादाचे. माणूस दोन-तीन तास झोपूनही ताजातवाना असतो, भरभर बोलतो, मोठमोठ्या योजना आखतो, उधार-उसनवारी करून पैसा उडवतो, कोणी अडवले तर चिडतो. दुसरे टोक नैराश्याचे. अंथरुणातून उठवत नाही, कशात रस वाटत नाही, आपण सगळ्यांना भार आहोत असे वाटते, कधी जीव नकोसा होतो. मधल्या काळात तोच माणूस अगदी पूर्वीसारखा असतो.

हा आजार बहुधा किशोरवयाच्या शेवटी किंवा विशी-पंचविशीत प्रथम दिसतो. म्हणजे नेमका महाविद्यालयाच्या, स्पर्धा परीक्षेच्या किंवा पहिल्या नोकरीच्या काळात. घरच्यांना आधी वाटते, पोरगा बिघडला. मग वाटते, कोणी काही केले. बाहेरची बाधा समजून भगताकडे फेऱ्या मारण्यात मोलाचे महिने जातात. हा मेंदूच्या कार्याशी संबंधित आजार आहे, त्यात अनुवंशिकतेचाही वाटा असतो, आणि त्यावर उपचार आहेत, हे प्रथम मनाशी पक्के करावे.

२. औषधाचा इतिहास काय शिकवतो?

लिथियम हे मूलद्रव्य आहे. १८१७ साली स्वीडनमध्ये एका खनिजात त्याचा शोध लागला. दगडात सापडले म्हणून ग्रीक भाषेतील दगड या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव पडले.

१९४९ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियम देऊन आलेला अनुभव प्रसिद्ध केला. कित्येक वर्षे रुग्णालयात असलेला त्यांचा पहिला रुग्ण इतका सुधारला की घरी जाऊन कामाला लागला. पण पुढे तोच रुग्ण १९५० साली लिथियमच्या विषबाधेने दगावला. १९४९ सालीच अमेरिकेत हृदयरोग्यांना साध्या मिठाऐवजी लिथियमचे मीठ खायला दिले गेले. कोणी किती खावे याला माप नव्हते. त्यातून मृत्यू ओढवले आणि त्या मिठाची विक्री थांबवावी लागली.

मग हे औषध टिकले कसे? ऑस्ट्रेलियात एडवर्ड ट्रॉटनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातील लिथियम मोजून उपचार करता येतात हे १९५१ साली दाखविले. डेन्मार्कमध्ये मॉगेन्स शाऊ यांनी १९५४ साली पद्धतशीर चाचणी प्रसिद्ध केली. अमेरिकेत १९७० साली त्याला मान्यता मिळाली. म्हणजे औषध तेच होते. मोजमाप आले तेव्हा ते सुरक्षित झाले. आज आपल्या घरात ही गोळी घेणाऱ्या माणसालाही हाच नियम लागू आहे.

३. शरीरात काय घडते?

बरीचशी औषधे यकृतात मोडली जातात. लिथियम मोडले जात नाही. ते जसेच्या तसे मूत्रपिंडांतून लघवीवाटे बाहेर जाते. मूत्रपिंड लिथियमला बव्हंशी मिठातील सोडियमसारखेच वागवते. शरीरात पाणी किंवा मीठ कमी पडले की मूत्रपिंड मीठ धरून ठेवू लागते आणि त्याबरोबर लिथियमही धरून ठेवते. मग गोळ्या तेवढ्याच असूनही रक्तातील पातळी वाढत जाते. उलट, मीठ एकाएकी पुष्कळ वाढविले तर लिथियम जास्त बाहेर पडते आणि पातळी घसरून आजार उलटू शकतो.

एवढी एक गोष्ट समजली तर पुढचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत. ते आपोआप सुचतात.

४. रक्ततपासणी : केव्हा आणि कशी?

लिथियम सुरू करण्यापूर्वी मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन, थायरॉईडसाठी टीएसएच आणि कॅल्शियम या तपासण्या करतात, वजन पाहतात. वय किंवा हृदयाची तक्रार असेल तर हृदयाचा आलेख काढतात.

गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर पातळी स्थिर व्हायला साधारण पाच ते सात दिवस लागतात. त्यानंतर रक्त तपासतात. पातळी स्थिर होईपर्यंत ही तपासणी लवकर लवकर होते. पुढे पहिले वर्षभर साधारण दर तीन महिन्यांनी आणि नंतर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे तीन ते सहा महिन्यांनी करावी लागते. मूत्रपिंड, थायरॉईड आणि कॅल्शियम यांची तपासणी दर सहा महिन्यांनी व्हावी.

रक्त देण्याची वेळ महत्त्वाची आहे. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यावे. रात्री नऊला गोळी घेतली असेल तर सकाळी नऊला. सकाळचीही गोळी असेल तर ती रक्त दिल्यानंतर घ्यावी. गोळी घेऊन लगेच रक्त दिले तर आकडा खोटा चढा येतो, आणि त्यावरून डॉक्टर मात्रा विनाकारण कमी करण्याची शक्यता असते.

अहवालातील आकडा एक लिटर रक्तद्रवामागे मिलिमोल किंवा मिलिइक्विव्हॅलंट यांत असतो. लिथियमसाठी दोन्हींचा अर्थ एकच. त्याचे ढोबळ वाचन असे :

०.६ ते ०.८ : दीर्घकाळच्या उपचारात बहुतेकांसाठी योग्य.
०.८ ते १.० किंवा थोडे वर : तीव्र उन्मादात काही काळ, देखरेखीखाली.
१.५ च्या वर : विषबाधेचा धोका.
२.० च्या वर : जिवाला धोका.

वृद्धांमध्ये यापेक्षा कमी पातळीवरही त्रास होऊ शकतो. म्हणून आकड्याबरोबर माणसाकडेही पाहावे लागते.

येथे एक सूचना. घरात एक साधी वही करावी. तिच्यात तारीख, गोळीची मात्रा, शेवटच्या गोळीची वेळ, रक्त दिल्याची वेळ, लिथियमची पातळी, क्रिएटिनिन, टीएसएच आणि वजन असे रकाने आखावेत. डॉक्टर बदलले, गाव बदलले, तरी ही वही बरोबर राहते. आपल्या शिकणाऱ्या मुला-मुलींनी घरात हे काम अंगावर घ्यावे.

५. पाणी, मीठ आणि ऊन

विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. आपले कितीतरी बांधव शेतात, बांधकामावर, वीटभट्टीवर राबतात. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आपण तासन् तास उन्हात चालतो. घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जाते. लिथियम घेणाऱ्याने अशा दिवशी पाण्याची बाटली जवळ बाळगावी, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे, भर दुपारचे ऊन टाळावे. एरवीही दिवसाकाठी दोन ते तीन लिटर पाणी पोटात जावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली असेल तर मात्र त्यांनाच विचारावे.

जेवणातील मीठ नेहमीइतकेच ठेवावे. रक्तदाबासाठी अळणी खायचे ठरविले, वजनासाठी उपासमारीचा आहार धरला, तर डॉक्टरांना आधी सांगावे. बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठही विचारल्याशिवाय आणू नये. चहा-कॉफीचे प्रमाण एकदम बदलू नये. पुष्कळ चहा पिणाऱ्याने तो अचानक सोडला तर लिथियमची पातळी वाढू शकते. उपोसथाला अष्टशील पाळणाऱ्यांनीही दुपारनंतर पाणी आणि औषध चालू ठेवावे. त्यांना मज्जाव नाही.

उलट्या, जुलाब किंवा जोराचा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. अशा वेळी गोळी काही दिवस थांबवावी लागू शकते. जलसंजीवनी द्यावी. आजारपणात गोळीचे काय करायचे हे डॉक्टरांना आधीच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले तर मध्यरात्री धावाधाव होत नाही.

६. दुसरी औषधे

एक उदाहरण घेऊ. समजा, एक तरुण लिथियम घेऊन वर्षभर उत्तम आहे. मे महिन्यात लग्नाच्या धावपळीत त्याचे अंग ठणकते. तो औषधाच्या दुकानातून अंगदुखीची गोळी आणतो आणि चार-पाच दिवस घेतो. उन्हात पाणीही कमी पडते. आठवड्याच्या शेवटी त्याचे हात जोराने कापू लागतात, पाय लटपटतात, बोलणे अडखळते. लोक म्हणतात, दारू प्यायला. प्रत्यक्षात ही लिथियमची विषबाधा असते. गोळी, ऊन आणि पाणी यांत वेगवेगळी चूक थोडी थोडीच होती. तिन्ही एकत्र आल्यावर पातळी चढली.

पुढील औषधे लिथियमची पातळी वाढवू शकतात :

अंगदुखी-सांधेदुखीची औषधे : आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ऍसिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, इंडोमेथासिन. ताप-अंगदुखीला साधे पॅरासिटामॉल सामान्यतः चालते. पण आपल्याकडे पॅरासिटामॉलमध्ये आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मिसळलेल्या गोळ्या सर्रास मिळतात. म्हणून पाकिटावरील सगळी नावे वाचावीत.

रक्तदाबाची काही औषधे : एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन, तसेच लघवी वाढविणारी हायड्रोक्लोरोथायझाइड व क्लोरथॅलिडोन. एकाच गोळीत यांतील दोन औषधे असणे आता नेहमीचे आहे.

मेट्रोनिडॅझोल : जुलाबावर घरोघरी घेतली जाणारी ही गोळीही पातळी वाढवू शकते, आणि जुलाबाने पाणी कमी झालेले असतेच.

लघवी साफ व्हावी म्हणून दिले जाणारे काढे आणि चूर्णेही विचारल्याशिवाय घेऊ नयेत. कोणत्याही डॉक्टरांकडे, वैद्यांकडे, दाताच्या दवाखान्यात, औषधाच्या दुकानात गेल्यावर पहिले वाक्य हेच असावे : "मी लिथियम घेतो." हे वाक्य लाजेचे नाही. ते जीव वाचविणारे आहे.

दारू टाळावी. ती शरीरातील पाणी कमी करते, झोप बिघडवते आणि मनाचा तोल पुन्हा ढळवते.

७. साधा त्रास कोणता, धोक्याची खूण कोणती?

सुरुवातीला हाताला बारीक कंप, तहान, वारंवार लघवी, तोंडाला धातूसारखी चव, थोडी मळमळ असे त्रास होतात. पुढे वजन वाढू शकते, थायरॉईड मंदावू शकते. हे डॉक्टरांना सांगावे. मात्रा किंवा वेळ बदलून, थायरॉईडची गोळी देऊन पुष्कळदा मार्ग निघतो. परीक्षेत लिहिताना हात कापतो म्हणून गुपचूप गोळी सोडणाऱ्या विद्यार्थ्याने हे ध्यानात घ्यावे. दीर्घकाळ घेतल्यावर काहींच्या मूत्रपिंडांवर परिणाम होतो. म्हणूनच नियमित तपासणी हवी.

धोक्याच्या खुणा वेगळ्या आहेत : हातांना मोठा थरथराट, पुन्हा पुन्हा उलट्या किंवा जुलाब, चालताना तोल जाणे, बोलणे जड होणे, गुंगी, गोंधळल्यासारखे वागणे, स्नायू फडफडणे, आकडी. असे दिसल्यास पुढची गोळी देऊ नये आणि रुग्णाला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे. गाडीची सोय नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गोळ्यांचे पाकीट आणि वही बरोबर न्यावी, आणि तातडीने रक्तातील लिथियम तपासण्यास सांगावे. येथे बारा तासांची वाट पाहू नये. गंभीर विषबाधेत डायलिसिसने लिथियम शरीराबाहेर काढता येते. जितके लवकर, तितके चांगले.

८. गोळी चुकली तर? बरे वाटले तर?

गोळी चुकली आणि पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल, तर चुकलेली सोडून द्यावी आणि पुढची नेहमीच्या वेळी घ्यावी. भरपाई म्हणून दुप्पट घेऊ नये. हळूहळू विरघळणारी गोळी चावू नये, कुटू नये. साधी आणि हळूहळू विरघळणारी गोळी यांची अदलाबदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधी नवीन आणाव्यात.

सर्वांत मोठा प्रश्न पुढे आहे. दोन वर्षे काही झाले नाही, मग गोळी कशाला? आमचे उत्तर असे की, काही झाले नाही याचे एक मोठे कारण ती गोळीच असू शकते. लिथियम अचानक बंद केल्यास, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत, आजार उलटण्याचा धोका बराच वाढतो आणि उन्माद जोराने येऊ शकतो. अनेक अभ्यासांत लिथियम घेणाऱ्यांमध्ये आत्महत्येचे प्रमाण कमी आढळले आहे. ते संरक्षणही जाते. खरोखर बंद करायचे असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली निदान चार आठवडे, शक्य तर तीन महिने घेऊन मात्रा उतरवत आणतात.

९. भगिनींसाठी

मूल हवे असेल तर दिवस जाण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत लिथियममुळे बाळाच्या हृदयातील दोषाचा धोका काहीसा वाढतो. पण एकाएकी गोळी सोडल्यास आईचा आजार उलटतो, आणि बाळंतपणानंतरचे आठवडे तर फार जोखमीचे असतात. दोन्ही बाजू तोलून निर्णय घ्यावा लागतो. या आजारावर दिले जाणारे व्हॅल्प्रोएट हे दुसरे औषध गर्भाला जास्त घातक आहे. मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना ते शक्यतो देऊ नये असे आज मानले जाते. ते सुरू असेल तर स्वतः बंद न करता लवकर डॉक्टरांना भेटावे. सासरी आजार लपवून, गोळ्या माहेरी ठेवून लग्न लावणे हा मुलीवर अन्याय आहे, हे वडीलधाऱ्यांना आम्ही स्पष्ट सांगू इच्छितो.

१०. शंका-समाधान

शंका : ही गोळी म्हणजे नशाच नव्हे काय? पाचव्या शीलाचा भंग होतो का?
समाधान : नाही. लिथियमने धुंदी येत नाही, त्याची तलफ लागत नाही. अचानक बंद केल्यावर होतो तो त्रास मूळ आजार उलटण्याचा असतो.

शंका : विपश्यनेने गोळी सुटेल का?
समाधान : ध्यान हे औषधोपचाराला पर्याय नाही, आणि गंभीर मनोविकार असलेल्यांसाठी दहा दिवसांचे शिबिर सुचविले जात नाही, असे या शिबिरांचे आयोजक स्वतःच सांगतात. आजार लपवून शिबिराला बसू नये आणि तेथे जाण्यासाठी गोळी मुळीच थांबवू नये.

शंका : घरच्यांनी काय करावे?
समाधान : गोळ्या एका जबाबदार माणसाच्या ताब्यात, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. रुग्ण नैराश्यात असेल तर जास्त साठा त्याच्या हाती देऊ नये. झोप कमी होणे ही उन्मादाची पहिली खूण असते, तिच्यावर लक्ष ठेवावे. परीक्षेसाठी रात्र रात्र जागण्याचा हट्ट अशा विद्यार्थ्याला धरू देऊ नये. टोमणे मारू नयेत.

शंका : खर्च परवडत नाही, कोठे जावे?
समाधान : जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली सुरू झाला. त्याची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क असून दिवसरात्र चालतो. जीव नकोसा वाटत असेल तरी तेथे बोलता येते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ नुसार शासकीय मानसिक आरोग्य सेवा मिळणे आणि आपली माहिती गुप्त राहणे हा रुग्णाचा हक्क आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. शरीरातील पाणी व मीठ कमी झाल्यास लिथियमची पातळी का वाढते?
२. रक्त देण्यासाठी बारा तासांचे अंतर का ठेवतात?
३. साधा त्रास आणि धोक्याची खूण यांतील प्रत्येकी तीन लक्षणे सांगा.
४. आपल्या घरातील अंगदुखीच्या गोळीचे पाकीट वाचा. त्यात कोणकोणती औषधे आहेत?

सभासदांना आमची विनंती आहे की, हा लेख वाचून बाजूला ठेवू नये. ज्या घरात ही गोळी सुरू आहे तेथे तो नेऊन द्यावा, वही आखून द्यावी, रक्त तपासायला जाताना सोबत जावे. एवढी सोबत मिळाली तर गोळी लपवावी लागणार नाही, आणि जी गोळी लपवावी लागत नाही ती वेळेवर घेतली जाते.